गुऱ्हाळापासून सज्जाकोठीपर्यंत : पन्हाळ्याची अडीच दिवसांची पायी सफर

कोल्हापूरला आलेले बहुतेक पाहुणे पन्हाळा अर्ध्या दिवसात उरकतात. गाडी तीन दरवाजापाशी थांबते, छायाचित्रे निघतात, अंबारखान्यात एक फेरी होते आणि सूर्य मावळायच्या आत मंडळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर परत येतात. एवढ्याने गड पाहिल्याचे समाधान मिळते, पण पन्हाळा कळत नाही. हा गड खालच्या खोऱ्यावर जगलेला आहे, आणि ज्याने आधी खोऱ्याची माती तुडवली त्यालाच वरच्या धान्यकोठारांचा आकार आणि दिंडी दरवाजांची जागा यांचा अर्थ लागतो. म्हणून उसाच्या रानात, गुऱ्हाळाच्या धुरात सुरुवात करून गडावर चढणे आणि शेवटी मसाईच्या पठारावर पोहोचणे, असा क्रम मी येथे सुचवतो. त्याला दोन रात्री आणि अडीच दिवस लागतात. वेळ कमी असेल तर काय वगळावे, तेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

जाण्याचा काळ

या सफरीतील दोन गोष्टी एकाच महिन्यात मिळत नाहीत. गुऱ्हाळे पाऊस सरल्यावर, साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. मसाई पठारावरची फुले मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतात. दोन्हींतील एकच निवडायचे असेल, तर पहिल्या भेटीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, कारण तेव्हा हवा कोरडी असते, सज्जाकोठीवरून दूरवरचे स्पष्ट दिसते आणि गुऱ्हाळे पूर्ण भरात असतात. फुलांसाठी पुढे एक स्वतंत्र दिवस काढून यावे.

पावसाळ्यात पन्हाळा अतिशय सुंदर असतो, हे खरे आहे. ढग रस्त्यावर उतरतात आणि दहा पावलांवरचा बुरूज दिसेनासा होतो. मात्र त्या दिवसांत निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. पंचगंगेला पूर आला की कोल्हापूर–रत्नागिरी मार्ग केर्लीच्या परिसरात पाण्याखाली जाऊन बंद होतो, आणि जुलै २०२१ मध्ये तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचल्याने पन्हाळ्याची वाहतूक दीर्घकाळ विस्कळीत झाली होती. एप्रिल-मे महिन्यांत गडावर वारा असला तरी खालची लेणी आणि पठार दुपारी चालण्याजोगे राहत नाहीत.

वारही पाहून घ्यावा. रविवार आणि पौर्णिमा हे जोतिबाच्या गर्दीचे दिवस आहेत, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या नावाच्या उंच सजवलेल्या काठ्या, घेऊन आलेल्या भाविकांनी सारा डोंगर भरून जातो. ती यात्रा अनुभवण्यासारखी आहे, परंतु त्यासाठी केवळ यात्रेच्याच तयारीने यावे. गड आणि गुऱ्हाळ त्याच दिवशी साधण्याचा हट्ट धरू नये. सर्वांत सोयीचे म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी निघणे.

पोहोचणे आणि मुक्काम

पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, वायव्येस आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीच्या गाड्या मिळतात. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी मार्गाला लागावे. पुढे केर्लीवरून जोतिबाकडे फाटा फुटतो आणि वाघबीळपाशी पन्हाळ्याचा घाट सुरू होतो. या सफरीच्या पहिल्या दिवशी चार ठिकाणे वाटेवर विखुरलेली असल्याने त्या दिवसापुरते वाहन सोबत असलेले बरे. दुसऱ्या दिवशी त्याची अजिबात गरज नाही. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी उभी करावी आणि ती सायंकाळपर्यंत हलवू नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

दोन्ही रात्रींचा मुक्काम गडावर करावा. पन्हाळा हे नगरपरिषदेचे नांदते गाव आहे, आणि दिवसाचे पर्यटक परतल्यानंतरचा गड ज्याने पाहिला नाही त्याने त्याचा निम्मा भाग पाहिलेला नाही. सोबत चालण्याचे पक्के बूट, टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, विजेरी आणि थंडीच्या दिवसांत एक जाड कपडा असावा. समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरांहून उंच असलेल्या या जागी पहाटेचा वारा बोचरा असतो, आणि कोल्हापूरच्या हवेवरून कपड्यांचा अंदाज बांधणारे पाहुणे सज्जाकोठीवर कुडकुडताना मी वारंवार पाहिले आहेत.

पहिला दिवस, सकाळ : गुऱ्हाळ

पहाटे साडेपाचला कोल्हापूर सोडावे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांच्या गावांत आजही गुऱ्हाळघरे आहेत, मात्र त्यांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली आहे. ती शोधण्यासाठी पाटीची गरज पडत नाही. उसाच्या फडांमधून उठणारा धूर आणि उकळत्या रसाचा वास हीच खूण पुरते. गुऱ्हाळ हे चालते कामाचे ठिकाण आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, याचे भान ठेवून प्रथम मालकाला किंवा गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विचारावे आणि परवानगी मिळाल्यावरच आत पाऊल टाकावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. उलट बसायला पोते आणि हातात रसाचा पेला मिळाला आहे.

आत गेल्यावर काय पाहावे, हे आधी ठाऊक असेल तर पाहण्याचा आनंद कितीतरी वाढतो. घाण्यातून निघालेला रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, सोडतात. काहिलीखाली चुलवाण असते आणि त्यात जळण म्हणून जातात ती रस काढून उरलेली, अंगणात वाळवलेली उसाचीच चिपाडे. म्हणजे ऊस स्वतःच्या रसाला स्वतःच आटवतो. रस तापू लागला की पृष्ठभागावर काळपट मळी येते. ती नीट सुटावी म्हणून रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे चिकट पाणी रसात घालतात. त्या चिकट द्रवात गाळ गुंतून वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. थोडा चुनाही वापरतात, त्याने रसाचा आंबटपणा मोडतो आणि गूळ घट्ट धरतो. उत्तम गुळाचे बरेचसे श्रेय या मळी काढण्याच्या कामाला असते, म्हणून या टप्प्यावर घाई करणारा गुळव्या नावाजला जात नाही.

त्यानंतर रस आटत जातो. साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला काकवी, म्हणजे गुळाआधीचा दाट पाक, तयार होते, आणि ११८ अंशांच्या आसपास गूळ उतरवण्याजोगा होतो. अनुभवी गुळव्या तापमापकाकडे बघत नाही. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि आवाज यांवरून तो ओळखतो, आणि खात्री करण्यासाठी थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळून पाहतो. गोळी टणक झाली की क्षणाचाही विलंब परवडत नाही. काहील उचलून पाक वाफ्यात ओतला जातो, फावड्यांनी घोटला जातो आणि घट्ट होत आला की साच्यांत भरला जातो. त्यातून निघतो तो रवा. एका काहिलीच्या संपूर्ण फेरीला येथे आदण म्हणतात. एक आदण अडीच-तीन तासांचे असते. शक्य असेल तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे, आणि वेळ नसेल तर निदान काहील उतरतानाचा शेवटचा अर्धा तास चुकवू नये.

लहान मुले सोबत असतील तर एक नियम कडक पाळावा : काहील उतरवताना त्यांचा हात धरून भिंतीपाशी उभे राहावे. त्या पाकाचा शिंतोडा उकळत्या पाण्याहून वाईट भाजतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो. चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन छायाचित्रे काढण्याचा मोहही टाळावा.

खरेदी येथेच करावी, पण रंगाला भुलू नये. ग्राहकांना पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून काही ठिकाणी हायड्रोससारखी रसायने घालून रंग उजळवला जातो. रसायनाविना केलेला गूळ बहुधा तांबूस ते गडद तपकिरी असतो, जिभेवर खारट चव ठेवत नाही आणि काही काळाने रंगाने आणखी गडद होतो. गुळव्याला सरळ विचारले तर तो सरळ सांगतो, असा माझा अनुभव आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते जिल्ह्याच्या माती-पाण्याचे आणि या कारागिरीचे मानांकन आहे. बाजारातील ‘कोल्हापुरी’ अशी चिठ्ठी लावलेल्या प्रत्येक ढेपेचे नव्हे. काकवीही घ्यावी. गरम भाकरीबरोबर तिच्यासारखे दुसरे काही नाही.

निघण्यापूर्वी आजूबाजूच्या शेतांकडे एकदा नीट पाहून घ्यावे, कारण उद्या हेच दृश्य वरून पाहायचे आहे. नदीकाठी गेलात तर दगडी खांबांचा, मध्ये फळ्या बसवलेला ठेंगणा बंधारा दिसेल. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीला मोकळी वाट देतात. ही रचना महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणूनच ओळखली जाते. खोऱ्यातील आजचा ऊस या बंधाऱ्यांच्या, उपसा सिंचनाच्या आणि राजर्षी शाहू महाराजांनी सुरुवात केलेल्या राधानगरी धरणासारख्या कामांच्या पाण्यावर उभा आहे. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसवणारेही तेच. ती १८९५ ची गोष्ट. याचा अर्थ असा, की हा हिरवा समुद्र आपल्याला प्राचीन वाटला तरी तो मुख्यतः गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. गडावरच्या कोठारांत काय भरलेले असे, ते उद्या पाहू.

पोहाळे आणि जोतिबा

गुऱ्हाळातून नऊ-साडेनऊपर्यंत निघून पोहाळे तर्फ आळते या गावाजवळची लेणी गाठावीत. जोतिबा डोंगराच्या पायथ्याशी, झाडीत असलेली ही बौद्ध लेणी आहेत. खांबांचा मोठा विहार आणि भोवती भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या अशी त्यांची रचना आहे. येथे अर्धा-पाऊण तास पुरतो. अजिंठा-वेरूळची अपेक्षा ठेवून आलेल्याला शिल्पे थोडी वाटतील, परंतु या डोंगररांगेत माणसाचे वास्तव्य कोणत्याही दुर्गाच्या कितीतरी आधीपासून आहे, ही जाणीव येथे होते. मधमाश्यांची पोळी कातळावर असू शकतात, म्हणून धूर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

तेथून वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबा. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा घोष आणि गुलालाने रंगलेले दगड यांच्यामध्ये मंदिरसमूहाच्या बांधणीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले, आणि त्याच्या शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी उभारले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे कुलदैवत. दर्शनानंतर परतीच्या वाटेवर यमाईच्या देवळापाशी थांबावे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी डोंगराचा काही भाग तरी जुन्या पायऱ्यांनी चढावा. गाडीने थेट वर जाणाऱ्याला डोंगराची उंची कळत नाही. पांढरे किंवा महागडे कपडे या दिवशी घालू नयेत, कारण गुलाल धुतला तरी जात नाही.

वेळ कमी असेल तर पोहाळे वगळावे, पण गुऱ्हाळ वगळू नये.

पहिली सायंकाळ : पुसाटी बुरूज

दुपारी तीनपर्यंत पन्हाळ्यावर पोहोचून सामान ठेवावे आणि थोडी विश्रांती घ्यावी. पाचच्या सुमारास गडाच्या पश्चिम टोकावरच्या पुसाटी बुरुजाकडे चालत निघावे. येथून समोर मसाईचे पठार दिसते आणि त्यापलीकडे, एकामागे एक ओळींनी, विशाळगडाकडे जाणाऱ्या डोंगररांगा. परवा जेथे जायचे आहे ते पठार आज दुरून ओळखून ठेवावे. सूर्यास्तानंतर रेंगाळू नये. वाट अंधारी आहे आणि तटाच्या कडेला कठडा नाही.

दुसरा दिवस : गड पायी

या दिवसाला सहा-सात तास द्यावेत. तटबंदीचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे, पण मधले चढ-उतार सौम्य असल्याने थोडे चालण्याची सवय असलेल्या कोणालाही, साठी ओलांडलेल्यांनाही, ही फेरी थांबत थांबत जमते.

सुरुवात पूर्वेकडच्या सज्जाकोठीने करावी आणि तीही सूर्योदयाच्या वेळी. दोन मजल्यांची, कमानींची ही आदिलशाही वास्तू अगदी दरीच्या काठावर उभी आहे. समोर जोतिबाचा डोंगर, खाली धुक्यात बुडालेले खोरे आणि त्यातून काल पाहिलेल्या गुऱ्हाळांचे धूर. संभाजीराजांचे पन्हाळ्यावरील वास्तव्य या कोठीशी जोडले जाते. येथे पाऊण तास शांत बसावे. आठ वाजल्यानंतर हीच जागा गजबजते.

तेथून सोमेश्वर मंदिर आणि सोमाळे तळे. शिवाजी महाराजांनी आणि त्यांच्या मावळ्यांनी या देवाला लक्ष चाफ्याची फुले वाहिल्याची आठवण येथे सांगितली जाते. गडावर तळी आणि विहिरी इतक्या का, असा प्रश्न येथे मनात यावा, आणि त्याचे उत्तर पुढच्या दोन वास्तूंमध्ये शोधावे.

पहिली वास्तू म्हणजे अंबारखाना. मध्यवर्ती बालेकिल्ल्यात, खंदकाने वेढलेल्या जागेत गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे होती. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. तिची साठवणूक २५,००० खंडी (धान्याचे जुने माप) सांगितली जाते. घाईघाईने आत शिरून बाहेर पडू नये. प्रथम बाहेरच्या जिन्याने छतावर जावे. कोठीच्या सोळा खणांवर सपाट घुमट आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक छिद्र आहे. धान्य वरून, या छिद्रांतून ओतले जाई. मग खाली उतरून आत जावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि वर पाहावे : छिद्रांतून उतरणारे प्रकाशाचे झोत जेथे पडतात तेथे कधीकाळी धान्याचे शिखर असे. भात, नाचणी आणि वरई ही येथे साठवली जाणारी धान्ये होती. काल खोऱ्यात पाहिलेला ऊस आणि आज या कोठीत कल्पनेने पाहिलेली नाचणी-वरई ही एकाच जमिनीची दोन युगे आहेत. पावसावर जगणारे, डोंगरउतारावरचे भरड धान्य पिकवणारे खोरे या गडाला पोसत होते. मला अंबारखाना कोणत्याही दरवाजाहून मोठा वाटतो तो याच कारणाने, आणि सारा दिवस जरी आखडता घ्यावा लागला तरी येथला एक तास कमी करू नये.

दुसरी वास्तू अंधारबाव, म्हणजे पश्चिमेकडच्या तीन दरवाजाजवळची झाकलेली विहीर. विहिरीवर तीन मजली इमारत का बांधली असावी? वेढ्यात शत्रूचा पहिला प्रयत्न पाणी तोडण्याचा किंवा नासवण्याचा असे. येथे सर्वांत खाली पाणी आहे, मधल्या मजल्यातून तटाबाहेर निघण्याची चोरवाट आहे आणि वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांची जागा. उतरताना पायऱ्या ओल्या असतात. विजेरी वापरावी आणि एकाने दुसऱ्याच्या मागे उतरावे. तीन दरवाजाची कमान, तिच्यावरील कोरीव काम आणि आदिलशाही काळातला फारसी शिलालेख दुपारच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसतो.

या दोन वास्तूंनंतर वेढ्याची गोष्ट नीट समजते. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या काही दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला तो जुलैतही उठलेला नव्हता. एवढे महिने गड तग धरू शकला तो कोठारांच्या आणि पाण्याच्या बळावर. १२ जुलैच्या पावसाळी रात्री महाराज निवडक लोकांसह निसटले. त्यांच्या वेशात पालखीत बसलेला शिवा काशीद पकडला गेला आणि त्याने प्राण दिले. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. ज्या राजदिंडीने ते गडाखाली उतरले ती आजही आहे. स्थानिकांना विचारत तेथपर्यंत अवश्य जावे आणि दिंडीच्या तोंडाशी उभे राहून उताराकडे पाहावे. चिखलात, अंधारात, पालखीसह हा उतार उतरणे म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळते. शिवा काशीद यांचे नेबापूर हे गाव पायथ्याशीच आहे, आणि त्यांच्या समाधीचे दर्शन घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

दुपारचे जेवण गावात घ्यावे. पिठले, भाकरी, ठेचा आणि मातीच्या भांड्यातले दही हे येथले खरे जेवण आहे. तांबडा-पांढरा रस्सा रात्रीसाठी राखून ठेवावा. तो जेवून दुपारी चालणे होत नाही.

जेवणानंतर गावातून फिरावे. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला, आणि येथील ग्रंथालय त्यांचे नाव धारण करते. महाराणी ताराबाईंचा वाडाही येथेच आहे. कोल्हापूर राज्याची राजधानी १७८२ पर्यंत पन्हाळ्यावर होती, हे शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. चार दरवाजाचे केवळ अवशेष का उरले, याचे उत्तर १८४४ मध्ये आहे : गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी गड जिंकला आणि तो दरवाजा पाडून टाकला.

सायंकाळी चार वाजता पावनगड. पन्हाळ्याच्या पूर्वेला लागूनच असलेल्या या टेकडीवर शत्रूने तोफा चढवल्या तर पन्हाळा धोक्यात येतो, हे वेढ्याने शिकवले होते. वेढ्यानंतर आदिलशाहीकडे गेलेला पन्हाळा १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी परत जिंकला, आणि त्याच सुमारास महाराजांनी या टेकडीवर पावनगड बांधून घेतला. चालत अर्धा-पाऊण तास लागतो. तुपाची विहीर पाहावी. जानेवारी २०२४ मध्ये येथे चारशेहून अधिक तोफगोळे सापडले, यावरून या शांत, झाडीत हरवलेल्या जागेखाली किती इतिहास पडून आहे याची कल्पना येते. पन्हाळ्यावर शेकडो माणसे असताना पावनगडावर बहुधा आपण एकटेच असतो. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यानंतर वर्दळ वाढली आहे. दगडांवर नावे कोरणाऱ्या हातांना अडवण्याची जबाबदारीही आपणा सर्वांवर तितकीच वाढली आहे.

तिसरी सकाळ : मसाई पठार आणि पांडवदरा

सकाळी सहाला वाहनाने निघून म्हाळुंगेच्या बाजूने पठार गाठावे. अनुभवी भटक्यांनी पन्हाळ्याहून पायी जावे, परंतु सोबत वाट माहीत असलेला स्थानिक असावा. मसाई हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, जवळजवळ सपाट पठार आहे. झाड नाही, सावली नाही, दिशा कळण्यासाठी खूण नाही. धुक्यात येथे माणूस सहज चकतो आणि कड्यापाशी जाऊन पोहोचतो, म्हणून पावसाळ्यात एकट्याने जाणे सर्वस्वी चुकीचे आहे. मसाई देवीचे मंदिर ही पहिली खूण धरावी.

हिवाळ्यात येथे वाळलेले गवत आणि वारा एवढेच असते, आणि तेही पुरेसे आहे. पावसाच्या शेवटी मात्र कातळावरच्या बोटभर मातीत कवला, गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे उगवतात. सीतेची आसवे ही निळसर फुलांची चिमुकली वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, कारण या मातीत नत्र फारच कमी असतो. एवढ्या कृश मातीवरून वाहन नेले की चाकोरीतली फुले कित्येक वर्षे परत येत नाहीत. वाहन कडेला ठेवून पायवाटेनेच चालावे.

पठाराच्या कडेखाली पांडवदऱ्याची लेणी आहेत. उतरण्याची वाट घसरडी आहे. वृद्धांनी वरूनच परतावे. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून पाणी कोसळते.

याच पठारावरून पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंतीची वाट जाते. दर वर्षी जुलैत शेकडो तरुण ती दोन दिवसांत, करपेवाडी आणि पांढरपाणीच्या बाजूने, सुमारे पन्नास किलोमीटर चालतात. चिखल, जळवा आणि सततचा पाऊस यांची तयारी असेल तरच तिच्या वाटेस जावे. प्रथम जाणाऱ्याने नेहमी संघटित मोहिमेबरोबर जावे आणि त्याआधी महिनाभर रोज आठ-दहा किलोमीटर चालण्याचा सराव ठेवावा.

परतीची वाट

अकराच्या आत पठार सोडावे. कोल्हापूरकडे येताना वेळ असेल तर प्रयाग चिखलीचा संगम पाहावा, जेथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन, अदृश्य सरस्वतीसह, पंचगंगा होते. अडीच दिवस ज्या डोंगरांवर चाललो त्यांचेच पाणी येथे येऊन मिळते. दिवाळी पाडव्याच्या सुमारास शहरात असाल तर बाजार समितीतील गूळ सौद्यांचा मुहूर्तही पाहता येतो.

गूळ घरी नेल्यावर कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात, धान्याच्या पोत्याजवळ ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवलेला गूळ बाहेर काढताच ओल धरतो. पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढाच घ्यावा, कारण आषाढातल्या दमट हवेत उत्तम रव्यालाही पाणी सुटते. काकवी मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत बरेच महिने राहते. बरणीत ओला चमचा घालू नये.